विश्लेषण : गेल्या वर्षीचा पक्षी हाच का? पिसांवरून एकेक कुरव कसा ओळखतात?

थव्यातले सगळे पक्षी सारखेच दिसतात. पण एखाद्याच्या पंखात एकच पांढरे पीस असते, एखाद्याचे पीस मोडलेले असते, तर एखाद्याचे डोके अर्धेच काळे झालेले असते. अशा खुणांवरून एक विशिष्ट पक्षी पुन्हा ओळखता येतो का? पीसगळ झाली की ही ओळख पुसली जाते का? आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वाशीम जिल्ह्याला याचा काय उपयोग?

मुळात प्रश्न काय आहे?

समजा, एका धरणावर सोमवारी ४० पक्षी दिसले, गुरुवारी ४० आणि रविवारी पुन्हा ४०. मग त्या आठवड्यात तिथे किती पक्षी होते? तेच ४० पक्षी मुक्कामाला असतील, तर उत्तर ४०. रोज जुने पक्षी पुढे जात असतील आणि नवे येत असतील, तर उत्तर १२०. मोजणीच्या वहीत दोन्ही वेळा आकडा सारखाच दिसतो, पण अर्थ पूर्ण वेगळा होतो. पहिल्या प्रकारात ते धरण ४० पक्ष्यांचे हिवाळी घर असते, दुसऱ्यात ते १२० पक्ष्यांच्या प्रवासातला थांबा असते.

हा गुंता सुटायचा तर थव्यातले निदान काही पक्षी एकेकटे ओळखता आले पाहिजेत. पायात कडे असेल तर काम सोपे होते. पण कडे घातलेले पक्षी फार थोडे असतात. बाकीच्यांच्या बाबतीत निसर्गाने दिलेल्या खुणांवरच भिस्त ठेवावी लागते. पक्ष्याच्या अंगावरील बहुतेक खुणा पिसांवर असतात आणि पिसे कायमची नसतात. खरी मेख इथेच आहे.

कुरव म्हणजे कोणता पक्षी? वाशीमशी त्याचा संबंध काय?

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर किंवा खाडीत बोटीमागे घिरट्या घालणारा ‘सीगल’ म्हणजेच कुरव. महाराष्ट्रात हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन कुरव प्रामुख्याने दिसतात. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेटच्या पठारावर आणि लडाखमधील त्सो मोरीरी, त्सो कर यांसारख्या सरोवरांवर वीण करतो. काळ्या डोक्याचा कुरव युरोप-आशियाच्या उत्तर भागातून येतो. दोन्ही साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हे पक्षी केवळ किनाऱ्यावर राहत नाहीत. उजनी, जायकवाडीसारख्या मोठ्या जलाशयांवरही त्यांचे थवे उतरतात.

वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. इथून निघणारी काटेपूर्णा उत्तरेला पूर्णा-तापीकडे जाते, तर पैनगंगेचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. मोठी नैसर्गिक सरोवरे नसल्याने पाणपक्ष्यांचा आधार म्हणजे धरणे आणि तलाव. वाशीम शहराला पाणी पुरवणारा एकबुर्जी प्रकल्प, कारंजा भागातील अडाण प्रकल्प ही त्यांतली ठळक नावे. विदर्भातील नद्या-धरणांवर कुरवाच्याच कुळातला नदी सुरय वर्षभर राहतो. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी आणि पाण्यावर सूर मारण्याची लकब ही त्याची ओळख. पिसांवरून एकेक पक्षी ओळखण्याची जी पद्धत कुरवांना लागू पडते, तीच थोड्या फरकाने सुरयालाही लागू पडते.

पीसगळ म्हणजे काय?

पीस हे आपल्या नखासारखे असते. केराटिन या प्रथिनाचे बनलेले आणि पूर्ण वाढल्यावर निर्जीव. ते झिजले किंवा मोडले तर भरून येत नाही. म्हणून पक्षी ठरावीक काळाने जुनी पिसे टाकून नवी उगवतो. यालाच पीसगळ म्हणतात.

कुरवांमध्ये साधारणपणे वर्षातून दोनदा पिसे बदलतात. वीण आटोपल्यावर उन्हाळ्याच्या अखेरीपासून मोठी पीसगळ सुरू होते. यात पंख, शेपटी आणि अंगावरची सर्व पिसे बदलतात. दुसरी पीसगळ लहान. हिवाळा सरताना डोके आणि अंगावरची काही पिसे तेवढी बदलतात, पंखांची मोठी पिसे तशीच राहतात. हिवाळ्यात पांढरे डोके आणि कानामागे काळसर ठिपका घेऊन फिरणारा कुरव फेब्रुवारी-मार्चमध्ये गडद टोपी घातल्यासारखा दिसू लागतो, तो या दुसऱ्या पीसगळीमुळे.

पंखाच्या टोकाकडील दहा मोठी उड्डाणपिसे सर्वांत महत्त्वाची. आतून बाहेर त्यांना १ ते १० असे क्रमांक दिलेले असतात. पीसगळ पहिल्या पिसापासून सुरू होते आणि दहाव्याकडे सरकत जाते. दोन्ही पंखांत ती जवळजवळ एकाच वेळी, समोरासमोर होते. त्यामुळे तोल जात नाही आणि पक्षी पूर्ण काळ उडू शकतो. मोठ्या आकाराच्या कुरवांत या कामाला चार-सहा महिनेही लागतात. बदके आणि हंसकुळातील पक्ष्यांचे तसे नाही. ते उड्डाणपिसे एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही.

पीसगळीमुळे ओळख पटते की बिघडते?

दोन्ही. पंखात एक फट दिसली, तर आधी दुसरा पंख पाहावा लागतो. दोन्हीकडे त्याच जागी फट असेल तर ती पीसगळ असण्याची शक्यता जास्त. त्या दिवसांत थव्यातल्या अनेक पक्ष्यांना तशीच फट असते, त्यामुळे ती वैयक्तिक खूण ठरत नाही. फट एकाच पंखात असेल तर तो बहुधा अपघात. झटापट, शिकारी पक्ष्याचा हल्ला किंवा मासेमारीचे जाळे यांमुळे पीस गेलेले असते. अशी एकतर्फी फट ओळखीसाठी उपयोगी पडते.

आता त्याच एकतर्फी फटीचे दोन प्रकार पाहू. पीस मुळासकट उपटले गेले असेल, तर त्या जागी नवे पीस लगेच उगवू लागते आणि काही आठवड्यांत खूण नाहीशी होते. पीस मध्येच मोडले असेल, तर खुंट जागेवरच राहतो. शरीराच्या लेखी ते पीस अजून शाबूत असते, म्हणून पुढच्या पीसगळीपर्यंत नवे येत नाही. म्हणजे दिसायला किरकोळ वाटणारी मोडकी कड अख्ख्या गायब पिसापेक्षा जास्त काळ टिकणारी खूण असते.

काळ्या किंवा तपकिरी डोक्याचा प्रौढ कुरव आपल्याकडे येतो तोवर त्याच्या पंखांची पीसगळ बहुतांशी उरकलेली असते. म्हणून नोव्हेंबरमध्ये टिपलेली मोडक्या पिसाची खूण मार्चपर्यंत भरवशाची असते. या काळात त्याचे डोके पांढऱ्याचे गडद होते. फक्त डोके पाहणाऱ्याला जुना पक्षी गेला आणि नवा आला असे वाटू शकते. पंख मात्र तोच असतो. पण परतल्यावर उन्हाळ्यात पंखांची सगळी पिसे बदलतात. पुढच्या हिवाळ्यात तोच कुरव त्याच धरणावर आला, तरी मोडके पीस सोबत येत नाही.

अपवादही आहेत. ह्युग्लिनचा कुरव हा मोठ्या आकाराचा पाहुणा पंखांची पीसगळ लांबवतो, ती हिवाळी मुक्कामातही सुरू असते. अनेक सुरयांमध्ये पंखाच्या आतील बाजूची पिसे वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा बदलतात. अशा पक्ष्यांच्या नोंदी काही आठवड्यांच्या अंतराने नव्याने घ्याव्या लागतात.

मग वर्षानुवर्षे टिकणारी खूण कोणती?

रंगद्रव्यातील जन्मजात बदल. पिसांचा काळा, करडा आणि तपकिरी रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. मेलॅनिन पिसात पोहोचले नाही तर पीस पांढरे उगवते. अल्बिनो पक्ष्यात आनुवंशिक दोषामुळे मेलॅनिन तयारच होत नाही. सगळी पिसे पांढरी आणि डोळे लालसर दिसतात. दृष्टी कमजोर असल्याने असे पक्षी निसर्गात फार काळ टिकत नाहीत. ल्युसिस्टिक पक्ष्यात रंगपेशी काही भागांतील पिसांपर्यंत पोहोचलेल्या नसतात. डोळे मात्र नेहमीच्या रंगाचे असतात. वर्तमानपत्रांत ‘अल्बिनो’ म्हणून छापून येणारे अनेक पांढरे पक्षी खरे तर अल्बिनो नसतात.

जन्मतःच ज्या जागी रंगपेशी नाहीत, तिथे प्रत्येक पीसगळीनंतर पांढरेच पीस उगवते. त्यामुळे ‘डाव्या पंखातील अमुक क्रमांकाची दोन पिसे पांढरी’ ही खूण पीसगळ ओलांडून टिकते.

मात्र प्रत्येक पांढरे पीस जन्मजात नसते. काही पक्ष्यांत वयाबरोबर रंगपेशी कमी होत जातात आणि दर पीसगळीला पांढरा भाग वाढतो. आपल्याकडे केस पिकतात, त्यासारखेच. इथे खूण पुसली जात नाही, पण बदलते. काही वेळा निकृष्ट आहारामुळे पिसे फिकट उगवतात आणि आहार सुधारल्यावर पुढच्या पीसगळीत पुन्हा रंगीत होतात. पिसाच्या मुळाला इजा झाली, तर तेवढ्या एका जागी पांढरे पीस येऊ शकते. म्हणून एका हिवाळ्यात दिसलेल्या पांढऱ्या पिसावरून कायमची ओळख ठरवता येत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तीच खूण त्याच जागी दिसली तरच खात्री वाढते.

कुरवाच्या पंखावर आणखी एक गंमत दिसते. मेलॅनिनमुळे पीस मजबूत होते, म्हणून पंखाचे टोक काळे असते. त्या काळ्या टोकाच्या अगदी कडेला असलेले पांढरे ठिपके मात्र लवकर झिजतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला ठळक दिसणारी पांढरी किनार वसंतापर्यंत अनेकदा घासून गेलेली असते. ही झीज नवी खूण नसते, ती जवळपास सगळ्यांनाच होते. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या काळ्या टोकात आतल्या बाजूला मोठे पांढरे ठिपके असतात, त्यांना पक्षीनिरीक्षक ‘मिरर’ म्हणतात. त्यांचा आकार पक्ष्यागणिक थोडा वेगळा असतो. पंख पूर्ण उघडलेला असताना घेतलेल्या छायाचित्रात हा फरक तपासता येतो.

एक खूण पुरेशी का नाही?

समजा, एखादी खूण दर १०० पक्ष्यांत एकाला असते. ५०० पक्ष्यांच्या थव्यात तशी खूण असलेले पाच पक्षी निघतील. म्हणजे ओळख पटली नाही, फक्त संशयितांची यादी लहान झाली. आता दर ५० पक्ष्यांत एकाला असणारी दुसरी खूण जोडली, तर दोन्ही खुणा एकाच पक्ष्यात असण्याची शक्यता पाच हजारांत एक होते.

पण हा गुणाकार दोन्ही खुणा एकमेकींवर अवलंबून नसतील तरच लागू होतो. पांढऱ्या पिसात मेलॅनिन नसल्याने ते लवकर झिजते आणि मोडते. त्यामुळे ‘पांढरे पीस’ आणि ‘तेच पीस मोडलेले’ या दोन खुणा धरता येत नाहीत, ती जवळपास एकच खूण. याउलट पंखातले पांढरे पीस आणि पायाचे तुटलेले बोट यांचा एकमेकांशी संबंध नसतो. अशी जोडी भक्कम ठरते. चोचीवरील जुनी जखम, पायातील व्यंग या पिसांबाहेरच्या खुणांना म्हणूनच जास्त वजन आहे. पीसगळीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

वय हेही ओळखीचे साधन आहे. लहान आकाराच्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला साधारण दोन वर्षे, तर मोठ्यांना चार वर्षे लागतात. गेल्या वर्षी प्रौढ असलेला पक्षी यंदा शेपटीवर काळा पट्टा असलेला पिलाचा पिसारा घेऊन येणार नाही. बाकी खुणा कितीही जुळल्या, तरी तो दुसराच पक्षी.

कडी आणि जीपीएस असताना पिसे कशाला पाहायची?

कड्याची ओळख निर्विवाद असते. मुंबईस्थित बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) अनेक दशके पक्ष्यांच्या पायात क्रमांकित कडी घालत आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडी परिसरातील फ्लेमिंगोंना संस्थेने जीपीएस टॅग लावले. मंगोलियात मानेला क्रमांकाचे पट्टे बांधलेले पट्टकादंब विदर्भातील तलावांवर दिसल्याच्याही नोंदी आहेत. पण यासाठी पक्षी पकडावा लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय तसे करता येत नाही. शिवाय खर्च आणि प्रशिक्षित माणसे लागतात. पिसांचे निरीक्षण करायला पक्ष्याला हातही लावावा लागत नाही.

पिसांची मुदत माहीत असेल तर तिचा हुशारीने वापरही करता येतो. युरोपातील आल्प्स पर्वतात दाढीवाल्या गिधाडांची पिले निसर्गात सोडताना त्यांची ठरावीक पिसे रंग उडवून पांढरी केली जातात. प्रत्येक पिलाचा नमुना वेगळा. दोन-तीन वर्षे तो आकाशात खालूनही ओळखू येतो. पुढे पीसगळीत ती पिसे पडतात आणि खूणही जाते.

नैसर्गिक खुणांवरची ओळख कुठे यशस्वी ठरली?

सर्वांत ओळखीचे उदाहरण वाघाचे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि ते आयुष्यभर बदलत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंगघाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपलेला वाघ यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातील असल्याचे पट्टे जुळवूनच कळले. त्याच्या गळ्यात कॉलर नव्हती. तरीही शेकडो किलोमीटरचा प्रवास छायाचित्रांवरून सिद्ध झाला.

पक्ष्यांमध्ये इंग्लंडमधील स्लिमब्रिजचे काम प्रसिद्ध आहे. पीटर स्कॉट यांनी १९६४ मध्ये तिथे हिवाळ्याला येणारे बेविक हंस चोचीवरील काळ्या-पिवळ्या नक्षीवरून ओळखायला सुरुवात केली. पुढे हजारो हंसांची नोंद झाली. कोण कोणासोबत आला आणि कोण परतला नाही, हे त्यामुळे कळू लागले. चोच पीसगळीत बदलत नाही, म्हणून हे शक्य झाले. कुरवाच्या नशिबी अशी नक्षी नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत खूण दिसण्याइतकेच तिची मुदत माहीत असणे महत्त्वाचे.

वाशीममध्ये याचा काय फायदा?

पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. अशा गणनेत एकाच दिवशीचा आकडा मिळतो. जवळजवळच्या दोन धरणांवर एकच थवा सकाळ-संध्याकाळ फिरत असेल, तर तो दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. सहज ओळखू येणारा एक पक्षी दोन्हीकडे दिसला तरी ही शंका पुढे येते आणि मोजणीची वेळ जुळवून घेता येते. अर्थात एका पक्ष्यावरून सगळ्या थव्याचा निष्कर्ष काढता येत नाही. असे चार-पाच पक्षी हवेत.

नदी सुरयाच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी उतरले की उघडी पडणारी वाळूची बेटे आणि नदीपात्रातील वाळू हीच त्याची घरट्याची जागा. वाळूउपसा, मोकाट कुत्री, गुरांचे पाय आणि अचानक वाढलेले पाणी यांत अंडी आणि पिले जातात. तेच सुरय वर्षानुवर्षे त्याच बेटावर परततात असे छायाचित्रांवरून दाखवता आले, तर त्या बेटाला वीणकाळात हात लावू नये, या मागणीला आधार मिळतो. ‘इथे पक्षी दिसतात’ हे वाक्य फाइलमध्ये हरवते. ‘हाच पक्षी सलग तीन उन्हाळे याच बेटावर आहे’ हे वाक्य टाळणे अवघड जाते.

नोंद कशी ठेवावी?

दुरून झूम होणारा साधा कॅमेरा पुरतो. पक्ष्याची दोन्ही बाजूंची आणि उघडलेल्या पंखांची छायाचित्रे हवीत. तारीख, वेळ, जागा लिहावी. कोणता पंख, बाहेरून कितवे पीस, पांढरे की मोडके, आणि दुसरा पंख कसा आहे, हे चारही तपशील लागतात. छायाचित्र आरशासारखे उलटवून जतन झाले तर डावा पंख उजवा होतो, त्याची काळजी घ्यावी. भर उन्हात पांढरा रंग फुटलेला दिसतो आणि करडे पीसही पांढरे भासते, म्हणून एकापेक्षा जास्त छायाचित्रे तपासावीत. घरट्यांच्या बेटावर जाऊन छायाचित्रे घेऊ नयेत. पक्षी उठले की अंडी उन्हात भाजतात आणि कावळ्यांना संधी मिळते. ईबर्डसारख्या व्यासपीठावर नोंद टाकताना ‘तोच पक्षी’ असे ठाम लिहिण्याऐवजी जुळलेल्या खुणा लिहाव्यात. पडताळणी इतरांनाही करता येते.

काळ्या डोक्याचा कुरव तीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी युरोपात कड्यांमुळे झाल्या आहेत. एवढ्या आयुष्यात तो कितीतरी वेळा सगळी पिसे बदलतो. मोडके पीस त्या हिवाळ्यापुरते, जन्मजात पांढरे पीस अनेक हिवाळ्यांचे आणि चोचीवरची जुनी जखम बहुधा कायमची, हा हिशेब ठेवला तर धरणावरच्या थव्यात दरवर्षी कोण परतले, हे सांगता येऊ शकते.